जपानमध्ये मसाज? आधी पाटी वाचा

खांदे आखडले म्हणून स्टेशनबाहेरच्या पहिल्याच दुकानात शिरू नका. जपानमध्ये १९४७ च्या कायद्यानुसार अन्मा (कपड्यांवरून मळणे), मसाज आणि शिआत्सू (अंगठ्याने दाब देणे) यांसाठी राष्ट्रीय परवाना लागतो. त्यामागे किमान तीन वर्षांचं शिक्षण असतं. पाटीवर 'मोमिहोगुशी' किंवा 'सेइताई' असेल, तर परवाना असेलच असं नाही. नुसता शिणवटा घालवायला हरकत नाही, पण आपल्या तेलाच्या मालिशची सर त्याला नाही! पाय मुरगळला तर 'सेक्कोत्सुइन' गाठा. तिथे अशा दुखापतीला आरोग्यविमा चालतो, जुनाट खांदेदुखीला नाही.

मात्र लांबच्या विमानप्रवासानंतर एकच पोटरी सुजून दुखत असेल, तर ती कुणालाही चोळू देऊ नका. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. थेट डॉक्टरकडे जा.