इम्प्लांटला हिरडी चिकटते, पण रुतत नाही

इम्प्लांट बसवून झालं, की रुग्ण एक प्रश्न हमखास विचारतात : ‘डॉक्टर, आता या दाताला कीड तर लागणार नाही ना?’ उत्तर सोपं आहे. नाही लागणार, धातूला कीड लागत नाही. पण हे ऐकून माणूस निश्चिंत होतो, ब्रश करण्यात ढिलाई येते आणि खरी गडबड तिथे सुरू होते. असं का, ते आज समजून घेऊ.

इम्प्लांटबद्दल बोलताना आपण नेहमी हाडाचं कौतुक करतो, आणि ते रास्तच आहे. १९५२ साली स्वीडनमध्ये लुंड इथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह अभ्यासत होते. त्यासाठी हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण नंतर काढायला गेले, तर ते निघेना. हाडाने ते घट्ट धरलं होतं. पुढे १९६५ मध्ये गोथेनबर्गला त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची इम्प्लांट्स बसवली.

पण इम्प्लांट नुसतं हाडात नसतं, ते हिरडीतून वर तोंडात येतं. घराचं उदाहरण घ्या. गच्चीचा स्लॅब पक्का असतो, पाइपही पक्का असतो. पावसाळ्यात गळती सुरू होते ती पाइप स्लॅबमधून आरपार जातो त्या सांध्यातून. तोंडातसुद्धा सगळा खेळ त्या सांध्याचा आहे.

आधी आपला स्वतःचा दात पाहू. त्याच्याभोवती हिरडीची बंदिस्ती दोन थरांची असते. वरचा थर एपिथेलियमचा, म्हणजे अस्तरासारख्या पेशींचा. या पेशी हेमिडेस्मोसोम नावाच्या अतिसूक्ष्म जोडांनी दाताला चिकटतात. त्याखाली कोलॅजनच्या तंतूंचा थर. दाताच्या मुळावर सिमेंटम नावाचं पातळ कवच असतं आणि हे तंतू त्या कवचात आडवे शिरून रुतलेले असतात, तंबूचे दोर खुंट्यांना बांधावेत तसे. अमेरिकेत १९६१ साली केलेल्या मोजमापात एपिथेलियमची सरासरी उंची ०.९७ मिलिमीटर आणि तंतूंच्या थराची १.०७ मिलिमीटर आली. म्हणजे सगळी मिळून साधारण दोन मिलिमीटर.

आता टायटॅनियम. हवा लागताच त्यावर टायटॅनियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो. शरीराची गाठ प्रत्यक्षात पडते ती या थराशी. एपिथेलियमच्या पेशी त्यालाही हेमिडेस्मोसोमनीच चिकटतात, तेव्हा वरच्या थराचं काम जमलं. अडचण आहे खालच्या थरात. इम्प्लांटला सिमेंटम नाही, मग तंतूंनी रुतायचं कशात? म्हणून ते बहुतेक करून इम्प्लांटला समांतर राहतात किंवा त्याच्याभोवती गोल फिरतात. मनगटातलं घट्ट कडं मनगटाला जोडलेलं नसतं, नुसतं आवळून बसलेलं असतं. तसंच हे.

दुसरा फरक रक्तपुरवठ्याचा. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये पेरिओडॉन्टल लिगामेंट असतं, आणि त्यातूनही हिरडीला रक्त मिळतं. इम्प्लांटभोवती ते लिगामेंटच नसतं. इम्प्लांटला टेकलेली हिरडी बरी झालेल्या जखमेच्या व्रणासारखी असते : तंतू भरपूर, पेशी आणि रक्तवाहिन्या कमी. जंतू आले तर लढायला कुमकही कमी.

कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दात आणि इम्प्लांट या दोन्हींभोवती मुद्दाम प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, साचू दिला गेला. दाताभोवतीची सूज तंतूंच्या थराशी अडली. इम्प्लांटभोवतीची थेट हाडापर्यंत गेली.

आणखी एक गोष्ट. इम्प्लांटभोवती ही बंदिस्ती साधारण तीन ते चार मिलिमीटर उंच असते. हिरडी पातळ असेल, तर तेवढी उंची मिळवण्यासाठी शरीर कडेचं थोडं हाड सोडून देतं. म्हणून इम्प्लांट बसवण्याआधी हाडाबरोबर हिरडीची जाडीही पाहावी लागते. कॅप सिमेंटने बसवली असेल, तर जादा सिमेंट हिरडीखाली राहता कामा नये. वरचा जोडभाग सारखा काढघाल करणंही बरं नाही, कारण दर वेळी ती चिकटण सुटते आणि नव्याने जमावी लागते.

श्रोत्यांमधून एक प्रश्न आलाय : ‘ब्रश करताना इम्प्लांटभोवती रक्त येतं, पण दुखत नाही. थांबलं तर चालेल का?’

नाही, थांबू नका. न दुखणं हीच यातली फसवणूक आहे. सूज हिरडीपुरती असेल, तर नीट स्वच्छता केल्यावर ती सहसा उतरते. पण ती हाडात उतरली, की गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. इम्प्लांट हलायला लागेपर्यंत वाट पाहिली, तर बहुधा ते काढावंच लागतं. ज्यांचे दात हिरड्यांच्या आजारानेच गेले आहेत किंवा जे धूम्रपान करतात, त्यांनी तर जास्तच सावध राहायला हवं.

तेव्हा रोज ब्रश करा, इम्प्लांटच्या दोन्ही बाजूंच्या फटींत छोटा इंटरडेंटल ब्रश फिरवा आणि ठरलेल्या वेळी तपासणीला जा. हाडाने त्याचं काम चोख केलंय. सांधा मात्र आपल्यालाच राखावा लागतो.