जबड्याचे दुखणे आणि शरीरातील अफू

जुन्नर व आंबेगाव हे दोन्ही तालुके उसाचे. उसाचे कांडे दाताने सोलून खाण्याचा येथील मुलांना सराव असतो. मात्र सवय नसलेल्या पाहुण्याने दोन-तीन कांडी संपविली, तर दुसऱ्या दिवशी भाकरीचा घास चावतानाही त्याच्या कानाजवळ कळ येते. हा दुखरा भाग म्हणजे चर्वणस्नायू. दात घट्ट मिटले असता गालावर बोटांना जो टणक लागतो, तोच हा. झोपेत दात खाण्याच्या सवयीनेही तो दुखू लागतो. परंतु सारखेच श्रम होऊनही एकाला हे दुखणे असह्य होते, तर दुसरा त्याची दखलही घेत नाही. ‘सहनशक्ती कमी’ असे म्हणून आपण मोकळे होतो. हे उत्तर अपुरे आहे, आणि पुष्कळदा अन्यायाचेही.

अफूपासून मिळणारे मॉर्फिन वेदना शमविते, हे जुनेच ज्ञान. पण एका वनस्पतीच्या चिकाला मानवी मेंदूने दाद का द्यावी? १९७३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूत अफूवर्गीय द्रव्ये जेथे चिकटतात त्या जागा, म्हणजे ग्राही, दाखवून दिल्या. कुलूप आहे तर किल्लीही शरीरातच असली पाहिजे. ती १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीन येथे जॉन ह्यूजेस व हान्स कॉस्टरलिट्झ यांना डुकराच्या मेंदूत सापडली. एन्केफालिन हे तिचे नाव. एंडॉर्फिन हे याच कुळातले.

ही द्रव्ये जिवंत माणसाच्या मेंदूत दुखण्याच्या वेळी खरोखर कामास येतात काय, हे पाहणे अवघड होते. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या महाकाय दुर्बिणी आकाशातील अतिक्षीण रेडिओ लहरी टिपतात. त्याच धर्तीवर, मेंदूतून येणारे क्षीण किरण टिपणारे यंत्र वैद्यकास लाभले आहे. मिशिगन विद्यापीठातील जॉन-कार झुबिएटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा उपयोग केला. निरोगी स्वयंसेवकांच्या चर्वणस्नायूत खारे पाणी हळूहळू सोडून त्यांनी सुमारे वीस मिनिटे वेदना एकसारखी राखली. किरणोत्सारी खूण केलेले अफूवर्गीय द्रव्यही अल्प प्रमाणात शरीरात दिले होते. एसटी आधीच भरून आली, तर थांब्यावर चढणाऱ्यांना जागा कमी मिळते. तसेच शरीराची स्वतःची अफू ग्राहींवर येऊन बसली की खूण केलेल्या द्रव्यास जागा उरत नाही. वेदना चालू असताना मेंदूच्या अनेक भागांत नेमके हेच दिसले. २००१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या मेंदूत हा स्राव अधिक, त्यांनी वेदना कमी असल्याचे सांगितले.

पुढील वर्षांत याच गटाने स्त्री-पुरुषांत, तसेच एका विशिष्ट जनुकाच्या भेदानुसारही, हा प्रतिसाद निराळा असल्याचे दाखविले. २००५ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. ‘हे औषध वेदना शमवील’ असे सांगून औषधाचा अंश नसलेला द्रव दिला, तेव्हाही मेंदूतील नैसर्गिक अफू कामास लागली. वैद्याच्या धीराच्या शब्दाने उतार पडतो, तो सर्वस्वी कल्पनेचा खेळ नव्हे. अर्थात, भोंदूच्या शब्दानेही असाच उतार पडू शकतो, आणि तेथेच धोका आहे, कारण वेदना शमली तरी रोग तसाच राहतो.

हा धोका सुपारी व गुटख्याच्या बाबतीत विशेष संभवतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. सुपारी चघळणे मात्र चालूच आहे. तिच्यामुळे तोंडाचे अस्तर ताठर होऊन जबडा उघडेनासा होतो. हे स्नायूचे दुखणे नव्हे, आणि शरीरातील अफूने ते बरे होणार नाही. तोंडात आपलीच तीन बोटे उभी मावत नसतील, किंवा तिखट लागताच आग होत असेल, तर शेक, मालीश वा गोळीवर न थांबता ग्रामीण रुग्णालयातील दंतवैद्याकडे जावे. साधे स्नायूचे दुखणे मऊ अन्न, कोमट शेक व जबड्याला विश्रांती यांनी बहुधा काही दिवसांत ओसरते.