पाय मंदावले की थंडी गाठते

पन्हाळा–पावनखिंड मोहिमांचा हंगाम जवळ आला की एक प्रश्न हमखास येतो. कोल्हापुरात जुलैमध्येसुद्धा पारा वीसच्या खाली क्वचितच उतरतो. मग डोंगरातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या सामानाच्या यादीत वारा-पाऊस अडवणारं जॅकेट आणि ते चकचकीत आपत्कालीन ब्लँकेट कशासाठी? पळणारा माणूस घामाघूम झालेला असतो, त्याला थंडी कुठून वाजणार?

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर फार महत्त्वाचं आहे. दुर्गम भागातल्या शर्यतींच्या सुरक्षेचा जवळजवळ सगळा विचार त्या एका उत्तराभोवती उभा करता येतो.

आधी आपला भूगोल पाहू. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर अवघ्या पंचावन्न किलोमीटरवरच्या गगनबावड्यात पाच हजारांहून जास्त. पन्हाळ्यावरून उतरून म्हाळुंग्याकडून मसाई पठारावर चढलं की आपण शहरापेक्षा सुमारे चारशे मीटर उंच असतो. म्हणजे हवा दोन-अडीच अंशांनी थंड. हा फरक मामुली आहे. खरा फरक पडतो तो पठारावर आडोसा नसण्याने. समुद्राकडून येणारा वारा तिथे थेट अंगावर येतो आणि पाऊस आडवा लागतो.

आता शरीराचं गणित. स्नायूंनी जाळलेल्या अन्नातला जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा प्रत्यक्ष हालचालीच्या कामी येतो, बाकी सगळी उष्णता. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतं. डोंगरात पळताना हा आकडा ५०० वॅटच्या पुढे जातो. थकून रखडत चालताना तो त्याच्या निम्म्याहूनही खाली येतो.

आपल्या भागातल्या कुणालाही हे गुऱ्हाळात उभं राहून पाहता येईल. चुलवाणात चिपाडं सारणारा गडी हात चालवत असतो तोवर वर काहिलीत रस रटरटत असतो. उघड्यावरचा वारा काहिलीची किती उष्णता पळवतो याची तोवर कुणाला फिकीर नसते, कारण खालून त्याहून जास्त येत असते. पण गड्याचा हात मंदावला की तोच वारा वरचढ ठरतो. वारा वाढलेला नसतो, आच कमी झालेली असते. काहील मोठी, आच कमी आणि वर भिजलेलं चिपाड, अशी वेळ आली की रसाची उकळी बसलीच म्हणून समजा. पळणाऱ्याचे पाय म्हणजे तो गडी. पोटात गेलेलं अन्न म्हणजे चिपाडं. पहिल्या वीस किलोमीटरमध्ये ज्या पावसाची मजा वाटते, तोच पाऊस चाळिसाव्या किलोमीटरला वैरी होतो, तो एवढ्यामुळेच.

त्यात भिजलेले कपडे. कापडाची ऊब धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे असते. तिथे पाणी शिरलं की ऊब गेली, कारण पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. शिवाय कपड्यांतलं अर्धा लिटर पाणी वाऱ्यावर वाळायचं तर त्याला सुमारे २९० किलोकॅलरी उष्णता लागते, आणि त्यातला मोठा वाटा अंगातूनच जातो.

हे सगळं प्रयोगाने कुणी दाखवलं? ग्रिफिथ पग या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने. या माणसाचं नाव आपल्याकडे जवळजवळ कुणाला माहीत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो.

१९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेतले तेनसिंग, हिलरी आणि नेते जॉन हंट आपल्याला शाळेपासून ठाऊक आहेत. त्या मोहिमेला ऑक्सिजन किती वेगाने सोडायचा, गिर्यारोहकाने दिवसाला किती पाणी प्यायचं आणि त्यासाठी बर्फ वितळवायला किती इंधन न्यायचं, विरळ हवेची सवय किती दिवसांत लावायची, बूट आणि तंबू कसे असावेत, हे सगळं आधीच्या वर्षी चो ओयू शिखराच्या मोहिमेत मोजमापं घेऊन पगने ठरवलं होतं. आधीच्या मोहिमांमध्ये जिद्दीची वाण नव्हती. नव्हतं ते हे गणित. तरी शिखर सर झाल्यावर कौतुक वाटलं गेलं ते जिद्दीचं, आणि पग मागे पडला. त्याची मुलगी हॅरिएट टकी हिने २०१३ साली चरित्र लिहून हे ऋण उजेडात आणलं. तोवर पगला जाऊन जवळजवळ वीस वर्षं झाली होती.

पण मला पग मोठा वाटतो तो एव्हरेस्टनंतरच्या एका कामासाठी. मार्च १९६४मध्ये इंग्लंडच्या डर्बीशर भागात ‘फोर इन्स’ नावाची पंचेचाळीस मैलांची, म्हणजे सुमारे बहात्तर किलोमीटरची, डोंगराळ माळरानावरची चालण्याची स्पर्धा होती. पाऊस आणि जोराचा वारा होता. कडाक्याचा हिमपात वगैरे काही नव्हता, हवा गोठणबिंदूच्या वरच होती. तरी तीन धडधाकट तरुण स्काउट थंडीने मरण पावले. अशा वेळी ‘पोरं कच्ची होती’ किंवा ‘नशीब’ एवढं म्हणून विषय मिटवता येतो. पगने तो मिटवू दिला नाही. त्याने त्या दिवसाची हवा, मार्ग, मुलांचे कपडे, कोण कुठे मंदावलं, कोण कुठे पडलं याचा तपास करून त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निबंध लिहिला.

मग प्रयोगशाळेतल्या थंड खोलीत त्याने माणसांना भिजवून, वाऱ्यात ठेवून व्यायाम करायला लावला. माणूस जोरात मेहनत करत असताना कपडे ओले की कोरडे याने फारसं बिघडत नव्हतं. मेहनत मंद झाली की ओल्या कपड्यांतल्या माणसाचं तापमान घसरू लागे. आणखी वाईट म्हणजे तेवढ्याच कामाला त्याला जास्त ऑक्सिजन लागे, कारण कुडकुडण्यातही ऊर्जा जाते. म्हणजे थंडीमुळे दमणूक वाढते, दमणुकीमुळे वेग कमी होतो, वेग कमी झाला की थंडी आणखी वाढते. हा फेरा एकदा सुरू झाला की मनाच्या निर्धाराने तुटत नाही. तो तोडायला कोरडा कपडा, खाणं आणि आडोसा लागतो.

शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की वैद्यक त्याला शीतबाधा मानतं. पण डोकं त्याआधीच मंदावू लागतं. बोटं जॅकेटची चेन लावू शकत नाहीत, बोलणं जड होतं, पाऊल अडखळतं, माणूस चिडचिडा होतो आणि ‘मी ठीक आहे’ म्हणत राहतो. सह्याद्रीत खरा धोका या वाटेने येतो. आपल्याकडे वीस अंशांच्या पावसात माणूस इंग्लंडसारखा गारठून मरणं दुर्मीळ आहे. पण बधिर बोटं आणि मंद डोकं घेऊन तो शेवाळलेल्या कातळावर, फुगलेल्या ओढ्यात किंवा धुक्यात हरवलेल्या फाट्यावर पोहोचतो, आणि मग अपघाताचं कारण ‘पाय घसरला’ असं नोंदवलं जातं.

वेगवान धावपटूंनी हे आपल्याला लागू नाही असं समजू नये. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत १७२ जण धावत होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या थांब्यांच्या मध्ये आठ किलोमीटरमध्ये सुमारे हजार मीटर चढ होता आणि वर वाहन जात नव्हतं. नेमकं तिथे वादळ, गारा आणि बोचरा पाऊस आला. एकवीस जण मरण पावले, त्यात सर्वात पुढे असलेले नामवंत धावपटू होते. अंगावर चरबी कमी, कपडे हलके, आणि पुढे असल्यामुळे उघड्या चढावर सगळ्यात आधी पोहोचलेले. जॅकेट सक्तीच्या सामानात नव्हतं.

त्या दिवशी सहा जण वाचले ते झू कमिंग नावाच्या मेंढपाळामुळे. वादळ आल्यावर तो आडोशाला गुहेत गेला होता. त्याने धावपटूंना आत घेतलं, शेकोटी पेटवली, ओले कपडे वाळवले. धावपटूंकडे मदतीचं बटण असलेलं उपग्रह-मार्गदर्शक यंत्र होतं. एकाने ते दाबलंही, पण यंत्र फक्त निरोप देतं. पोहोचावं लागतं माणसालाच.

हल्ली प्रत्येक शर्यतीच्या जाहिरातीत ‘लाइव्ह ट्रॅकिंग’ मोठ्या अक्षरांत असतं, म्हणून हे मुद्दाम सांगतो. मोबाइलच्या जाळ्यावर चालणारं यंत्र खिंडीत आणि दाट रानात, म्हणजे नेमकं हवं तिथे, गप्प होण्याची शक्यता सगळ्यात जास्त. आणि रेंज असली तरी पडद्यावरचा ठिपका धावपटू कुठे आहे एवढंच सांगतो. तो थरथरतोय का, बरळतोय का, हे ठिपक्याला कळत नाही. त्यापेक्षा वाटेवरच्या खोतवाडी, करपेवाडीसारख्या वस्त्या आणि डोंगरातले धनगरवाडे यांच्याशी आधी बोलून ठेवणं कितीतरी मोलाचं. कोणत्या घरात चूल पेटती राहील, कोणत्या ओढ्याला पाणी कधी चढतं, गाडी कुठवर येते, हे त्यांना पाठ असतं. आयोजनाच्या आराखड्यात त्यांची नावं आणि मानधन दोन्ही असायला हवं.

थंडीकडे दुर्लक्ष होतं, पाण्याच्या बाबतीत उलट. जास्त पाणी ठेवलं म्हणजे सुरक्षा वाढली, असं वाटतं. दक्षिण आफ्रिकेच्या टिम नोक्स यांनी १९८५मध्ये दाखवून दिलं की लांब पल्ल्यात गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम पातळ होऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी तेरा टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. तेव्हा तहानेपुरतं प्या, आणि पडलेल्या माणसाला तपासल्याशिवाय सलाइन लावू नका.

पडलेला माणूस कुठे पडला यालाही अर्थ आहे. अंतिम रेषा ओलांडल्यावर कोसळणाऱ्यांपैकी बहुतेकांचा फक्त रक्तदाब उतरलेला असतो. पाय थांबले की पोटऱ्यांनी रक्त वर ढकलणं थांबतं. आडवं करून पाय उंचावले की ते सावरतात. वाटेत कोसळलेल्याकडे मात्र गंभीर आजार गृहीत धरूनच पळावं. म्हणून सगळी वैद्यकीय ताकद अंतिम रेषेवरच्या मांडवाखाली ठेवणं चुकीचं आहे.

वेळेची मर्यादा हासुद्धा याच विज्ञानाचा भाग. कॉम्रेड्स ही दक्षिण आफ्रिकेतली सुमारे नव्वद किलोमीटरची शर्यत, आपल्याकडूनही अनेक जण तिथे धावायला जातात. बारा तास भरले की एक माणूस येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून बंदूक उडवतो, आणि एका पावलाने चुकलेला धावपटूही बाद ठरतो. ही निष्ठुरता वाटते. पण मंदावलेल्या माणसाला रात्रीच्या रानात जाऊ न देणं म्हणजे पगच्या फेऱ्यातून त्याला वेळेवर बाहेर काढणं आहे. २०१०मध्ये आल्प्समधली प्रसिद्ध यूटीएमबी शर्यत सुरू झाल्यावर काही तासांत वादळामुळे थांबवण्यात आली. त्या निर्णयाचं मला विजेत्यांच्या वेळांपेक्षा जास्त कौतुक आहे.

अशा नियोजनाला आपल्या मातीत मोठा आधार आहे. १२ जुलै १६६०च्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरचा वेढा भेदून पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले. बाजीप्रभूंचं शौर्य आपण गातो, ते गायलंच पाहिजे. पण त्या रात्रीचं नियोजनही तितकंच थोर होतं. मुसळधार पावसाची निवडलेली वेळ, अडचणीची निवडलेली वाट, शत्रूला चकवायला दुसऱ्या पालखीत बसलेले शिवा काशिद, पाठलाग जवळ आल्यावर खिंड गाठून केलेली माणसांची विभागणी, आणि परंपरा सांगते तो पोहोचल्याचा तोफांचा इशारा. त्या वाटेवर आज हौसेने चालणाऱ्या-धावणाऱ्यांना प्राणांची बाजी लावण्याचं काहीच कारण नाही. घ्यायचं आहे ते त्या रात्रीचं नियोजन.

म्हणून नाव नोंदवण्याआधी आयोजकांना चार प्रश्न विचारा. जॅकेट, ब्लँकेट, शिट्टी आणि विजेरी सक्तीची आहे का, आणि सुरुवातीच्या रेषेवर पिशवी उघडून तपासणार का? सर्वात दुर्गम टप्प्यातून आडव्या पडलेल्या माणसाला रस्त्यापर्यंत आणायला किती वेळ लागतो, आणि ते एकदा तरी प्रत्यक्ष करून पाहिलंय का? मध्येच सोडणाऱ्याला खाली कोण आणि कसं आणणार? आणि हवा बिघडली तर शर्यत थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे? त्या माणसाचं नाव लेखी जाहीर असावं, आणि प्रायोजक, पाहुणे किंवा धावपटू यांच्यापैकी कुणाचंही ऐकायला तो बांधील नसावा. या चारांपैकी एकाचंही उत्तर गुळमुळीत आलं, तर नोंदणीचे पैसे वाचवा आणि त्या रविवारी रंकाळ्याला फेऱ्या मारा.