कागदाचे विमान आणि दोऱ्यांचा ताण

(कागदाच्या घड्या घालून विमान करणे आपल्या सर्वांना येते. पण खऱ्या विमानाची मापे घेऊन, त्याचे पंख, खांब आणि तारा जशाच्या तशा दाखवणारी प्रतिकृती करणे हे वेगळे काम आहे. असे एक विमान कसे करावे आणि त्याला दोरे का बांधावेत, हे या पाठात सांगितले आहे.)

वहीच्या पानाचे विमान करायला एक मिनिट लागते. ते क्षणभर उडते आणि वर्गाच्या कोपऱ्यात जाऊन पडते. आज आपण जे विमान करणार आहोत, ते उडणार नाही. त्याला आठ-दहा दिवस लागतील. पण ते तयार झाले म्हणजे खरे विमान कसे उभे राहते, हे तुम्हांला कळेल.

आपण 'जिप्सी मॉथ' या विमानाची प्रतिकृती करू. हे विमान इंग्लंडमधील डी हॅविलँड कंपनीने बनवले. मॉथ जातीचे पहिले विमान १९२५ साली उडाले. पुढे त्याला जिप्सी नावाचे नवे इंजिन बसवले, म्हणून ते जिप्सी मॉथ झाले. त्याला एकावर एक असे दोन पंख होते. दोन माणसे एकामागे एक बसत. वर छप्पर नव्हते. वैमानिक एकटाच असला, तर तो मागच्या जागेवर बसे.

या विमानाचा आपल्या देशाशी जवळचा संबंध आहे. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील प्रवास एकट्याने विमानातून करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखान यांनी बक्षीस जाहीर केले होते. १९३० साली सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून कराचीकडे निघाले. जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले. दोघांचीही विमाने जिप्सी मॉथच होती. वाटेत इजिप्तमध्ये अबूकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पींना इंजिनाचे स्पार्क प्लग हवे होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले. शर्यतीत प्रतिस्पर्ध्याला मदत केली! बक्षीस अस्पींना मिळाले. पुढे हेच अस्पी इंजिनिअर भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

हजारो किलोमीटरचा हा प्रवास ज्या पंखांवर झाला, ते पंख लाकूड आणि कापड यांचे होते. मग ते वाऱ्यात मोडले कसे नाहीत? याचे उत्तर पंखांमधल्या तारांत आहे.

तारा कशासाठी?

विमानाला तुम्ही घरी 'हवाई जहाज' म्हणता. हे नाव जिप्सी मॉथला फार शोभते. शिडाच्या जहाजावर डोलकाठी सरळ राहावी म्हणून चोहोबाजूंनी दोर ताणलेले असतात. त्याचप्रमाणे या विमानाच्या दोन पंखांमध्ये पोलादी तारा ताणलेल्या असत.

एक सोपा प्रयोग करून पाहा. जुन्या पोस्टकार्डाच्या चार पट्ट्या कापा. त्यांचा चौकोन करून चारही कोपरे टाचण्यांनी जोडा. आता चौकोनाला बाजूने ढकला. तो लगेच तिरका होतो. मग समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना एक दोरा ताणून बांधा. आता एका बाजूने ढकलले, तर चौकोन हलत नाही. दुसऱ्या बाजूने ढकलले, तर मात्र दोरा सैल पडतो आणि चौकोन कलतो. उरलेल्या दोन कोपऱ्यांनाही दोरा बांधा. आता चौकोन कोणत्याच बाजूला कलत नाही.

यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली गोष्ट, चौकोनाचे त्रिकोण केले म्हणजे तो पक्का होतो. दुसरी गोष्ट, दोरा फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून दोन्ही दिशांना दोरे लागतात.

विमानात वरचा पंख, खालचा पंख, मधले धड आणि बाहेरचे खांब मिळून असाच चौकोन होतो. विमान उडत असताना हवा पंखांना वर उचलते. पंखांची टोके वर वाकू पाहतात. त्या वेळी धडाच्या खालच्या कडेपासून वरच्या पंखाकडे जाणाऱ्या तारा त्यांना धरून ठेवतात. त्यांना आपण 'उड्डाणाच्या तारा' म्हणू. विमान जमिनीवर उभे असताना पंख आपल्या वजनाने खाली झुकू पाहतात. त्या वेळी वरच्या पंखाच्या मध्यापासून खालच्या पंखाकडे जाणाऱ्या तारा त्यांना तोलून धरतात. त्या 'उतरण्याच्या तारा'. याशिवाय पुढच्या आणि मागच्या खांबांमध्ये फुलीसारख्या दोन तारा असतात. त्यांच्यामुळे पंखाला पीळ पडत नाही.

साहित्य

जाड ड्रॉइंग पेपर, जुनी ईदकार्डे किंवा लग्नपत्रिका, खराट्याच्या काड्या, राखाडी रंगाचा शिवणाचा दोरा, सुई, मेणबत्तीचा तुकडा, पट्टी, कात्री, पांढरा गोंद, शाई संपलेली रिफिल आणि कपडे वाळत घालण्याचे चार सारखे चिमटे. यांतील बहुतेक वस्तू घरातच मिळतील.

मापे

आपण १:३३ हे प्रमाण घेऊ. म्हणजे खऱ्या विमानाचे ३३ सेंटिमीटर ते आपले १ सेंटिमीटर. जिप्सी मॉथच्या पंखांचा विस्तार ९.१४ मीटर होता. म्हणून आपला वरचा पंख २७.७ सेंटिमीटर लांब होईल. विमानाची लांबी ७.२९ मीटर होती. आपले विमान सुमारे २२ सेंटिमीटर होईल. पंखाची रुंदी ४ सेंटिमीटर आणि दोन पंखांमधील अंतर साडेचार सेंटिमीटर ठेवा.

धड

मॉथचे धड प्लायवुडच्या पेटीसारखे होते. त्याच्या बाजू सपाट असल्यामुळे ते कागदाचे करणे सोपे जाते. पुढे २ सेंटिमीटर रुंद व अडीच सेंटिमीटर उंच आणि शेपटीकडे निमुळती होत जाणारी पेटी कागदावर उलगडून काढा. चिकटवण्यासाठी कडांना अर्धा सेंटिमीटर पट्टी जास्त ठेवा. जेथे घडी घालायची, तेथे आधी पट्टी ठेवून रिकामी रिफिल दाबून ओढा. त्यामुळे घडी सरळ पडते. आत ईदकार्डाचे तीन-चार चौकोनी तुकडे आडवे बसवा, म्हणजे पेटी दबणार नाही. वरचे झाकण थोडे गोलाकार असते. तो कागद गोल पेन्सिलीवरून हळूहळू ओढला, की त्याला बाक येतो. बसण्याच्या दोन जागा झाकण चिकटवण्यापूर्वीच कापून घ्या.

पंख

आपण वरचा पंख एकसंध करू. त्यासाठी २७.७ सेंटिमीटर लांब आणि साडेआठ सेंटिमीटर रुंद कागद घ्या. तो मधोमध दुमडा, पण घडी दाबू नका. पंखाची पुढची कड गोल राहिली पाहिजे. आत दर तीन सेंटिमीटरवर कार्डाची एक फासळी बसवा. फासळी ४ सेंटिमीटर लांब, मध्ये ४ मिलिमीटर उंच आणि मागे निमुळती असावी. खऱ्या पंखातही अशाच लाकडी फासळ्या असत. त्यांवर कापड चढवून त्याला 'डोप' नावाचे द्रव्य लावत. ते वाळले की कापड ढोलाच्या कातड्यासारखे ताणले जाई.

खालचे पंख दोन वेगळे करा. प्रत्येकाची लांबी सुमारे १२.८ सेंटिमीटर ठेवा.

आता सर्वांत महत्त्वाचे काम. पंख जोडण्यापूर्वीच सुईने भोके पाडून घ्या. मध्यरेषेपासून १० सेंटिमीटरवर खांबांसाठी पुढे एक आणि मागे एक भोक, प्रत्येकाशेजारी दोऱ्यासाठी दोन बारीक भोके. तशीच बारीक भोके वरच्या पंखाच्या मध्यभागी आणि खालच्या पंखांच्या मुळाशी पाडा. पंख जोडल्यावर तेथे सुई नीट शिरत नाही आणि जोर केला तर पंख दबतो.

जोडणी

प्रथम खालचे पंख धडाच्या खालच्या कडेला चिकटवा. त्यांची टोके किंचित वर असावीत. मग कार्डाच्या साडेचार सेंटिमीटर उंचीच्या दोन पेट्या करून त्या खालच्या पंखांवर ठेवा. त्यांवर वरचा पंख टेकवा. आता खराट्याच्या काड्यांचे चार उभे खांब बाहेर आणि चार छोटे खांब धडावर बसवा. धडावरच्या खांबांवर पंखाचा जो मधला भाग येतो, त्यातच खऱ्या विमानाची पेट्रोलची टाकी होती. टाकी उंचावर असल्यामुळे पेट्रोल आपोआप खाली इंजिनाकडे येई.

गोंद पूर्ण वाळेपर्यंत विमानाला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी पेट्या काढून घ्या. चाके, शेपूट आणि पुढचा पंखा शेवटी बसवा.

दोरे ताणणे

दोरा मेणबत्तीवर दोन-तीन वेळा घासा. त्यामुळे त्याची लव बसते आणि तो तारेसारखा दिसतो. विमान दोन पुस्तकांवर असे ठेवा, की पंखांखाली जागा मोकळी राहील.

आधी उतरण्याच्या तारा घ्या. दोऱ्याला गाठ मारून तो वरच्या पंखाच्या मध्यातून खाली आणा आणि तिरका नेऊन खालच्या पंखातील खांबाजवळच्या भोकातून बाहेर काढा. त्याच्या टोकाला एक चिमटा लटकवा. असे चार दोरे, दोन डावीकडे व दोन उजवीकडे, एकाच वेळी घाला. चारही चिमटे सारखे असल्यामुळे चारही दोऱ्यांना सारखा ताण मिळतो. भोकाशी गोंदाचा एक थेंब लावा. तो वाळला की चिमटे काढून उरलेला दोरा कापा. याच रीतीने उड्डाणाच्या तारा घाला. त्या वरच्या पंखात खांबाजवळ सुरू होऊन खाली पंखाच्या मुळाशी संपतात. शेवटी खांबांमधील फुल्या घाला.

चिमट्यांची ही युक्ती मला पहिल्या विमानाच्या वेळी माहीत नव्हती. मी आधी डावीकडचे सगळे दोरे हाताने घट्ट ओढून चिकटवले आणि मग झोपी गेलो. सकाळी पाहतो, तर डाव्या पंखाचे टोक वर उचलले गेले होते आणि त्याला पीळ पडला होता. तो सरळ करण्यासाठी मी उजवीकडचे दोरे आणखी जोरात ओढले. तेव्हा उजवा पंख मधोमध दुमडला. सहा दिवसांचे काम वाया गेले. आधी डावीकडचे दोरे कापले असते, तर पंख वाचला असता. दोरा पुन्हा घालता येतो. कागदाला पडलेली घडी मात्र जात नाही.

खऱ्या विमानातही हाच धोका होता. तारा कमीजास्त ताणल्या गेल्या, तर पंखाला पीळ पडे आणि विमान उडताना एका बाजूला कलू लागे. वैमानिकाला सारा वेळ ते सावरत बसावे लागे. म्हणून तारा ताणणारा कारागीर मापे घेऊन, दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा तपासून काम करी. त्याचे नाव वर्तमानपत्रात येत नसे. पण समुद्रावरून उडणाऱ्या वैमानिकाचा जीव त्याच्या हातात असे.

तुम्हीही शेवटी विमान डोळ्यांसमोर धरा आणि समोरून पाहा. दोन्ही पंख सारखे वर आहेत का? खांब एकमेकांना समांतर आहेत का? एकही दोरा सैल नाही ना?

आजच्या मोठ्या विमानांना बाहेर तारा नसतात. तारांमुळे हवेचा अडथळा वाढतो आणि वेग कमी होतो. आता धातूच्या पंखांच्या आतच पुरेसे बळ असते. तरीही अनेक मोठे पूल आणि उंच मनोरे आजही ताणलेल्या दोरखंडांच्या आधाराने उभे आहेत. पुढच्या वेळी असा मनोरा दिसला, तर त्याचे दोर मोजा. ते एकाच बाजूला का नाहीत, हे आता तुम्ही सांगू शकाल.

शब्दार्थ

प्रतिकृती – मूळ वस्तूसारखी केलेली दुसरी वस्तू
विस्तार – एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी
डोलकाठी – जहाजावरचा शिडाचा उंच खांब
निमुळते – टोकाकडे बारीक होत जाणारे
फासळी – बरगडीसारखा आतला आधार
पीळ – वळण, मुरड
लव – बारीक तंतू

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अस्पी इंजिनिअर व जे. आर. डी. टाटा यांची भेट कोठे झाली?
(आ) पेट्रोलची टाकी उंचावर का होती?
(इ) दोऱ्याला मेण का लावावे?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) उड्डाणाच्या तारा आणि उतरण्याच्या तारा यांत काय फरक आहे?
(आ) लेखकाचे पहिले विमान कशामुळे बिघडले? त्याने काय करायला हवे होते?

३. कारणे द्या.
(अ) भोके पंख जोडण्यापूर्वीच पाडावीत.
(आ) आजच्या मोठ्या विमानांना बाहेर तारा नसतात.

४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.
वाया जाणे, तोलून धरणे, गाठ पडणे

५. उपक्रम : पोस्टकार्डाच्या पट्ट्यांचा प्रयोग वर्गात करा आणि काय दिसले ते पाच वाक्यांत लिहा.