राजवाडा शेवटी बघा

बडोद्याला जाणाऱ्या मराठी माणसाचा कार्यक्रम ठरलेला असतो. स्टेशनवर उतरायचं, रिक्षानं लक्ष्मीविलास राजवाडा गाठायचा, दरबार हॉलमध्ये माना वर करून फिरायचं, लिलो चेवडो बांधून घ्यायचा आणि संध्याकाळची गाडी पकडायची. गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघा मित्रांनी हा क्रम उलटा लावला. सकाळ गावाला दिली, राजवाडा दुपारवर ढकलला. दिवसभर निवांत हिंडायचं असेल तर मी हाच क्रम सुचवेन. राजाचं घर कितीही देखणं असलं, तरी त्यानं गावासाठी काय काय उभं केलं ते आधी पाहिलं की त्या घराकडे बघायची नजरच वेगळी होते.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा मुलगा १८७५ साली दत्तक आला आणि सयाजीराव म्हणून गादीवर बसला, तो थेट १९३९ पर्यंत. संस्थानभर सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण त्यांनी १९०६ साली आणलं. कायदा काही पायी हिंडून बघता येत नाही, पण त्यामागची हौस पावलोपावली दिसते. स्टेशनातून बाहेर पडलात की जवळच जुन्या बडोदा कॉलेजचा घुमट आहे. अरविंद घोष इथे शिकवायचे. पुढे कमाटीबागेच्या तोंडाशी घोड्यावर बसलेले खुद्द सयाजीराव. या चौकालाही लोक ‘काळा घोडा’च म्हणतात. मुंबईच्या काळ्या घोड्याला १९६५ साली त्याच्या स्वारासकट राणीच्या बागेत धाडलं. बडोद्याचा स्वार मात्र जागचा हललेला नाही. आमच्यातला गिरगावकर यावर बराच वेळ गप्प होता.

कमाटीबाग म्हणजे सयाजीबाग, १८७९ सालची. मधून विश्वामित्री वाहते आणि भर शहरातल्या या नदीत खरोखरीच्या मगरी आहेत, त्यामुळे काठावर वाकून फोटो काढायची हौस आवरलेली बरी. संग्रहालयात इजिप्तची ममी आहे, देवमाशाचा अजस्र सांगाडा आहे. पोरंबाळं बरोबर असतील तर तिथे दोन तास सहज जातात. आम्ही मात्र रेंगाळलो संकल्पभूमीपाशी.

महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार नोकरी करायला १९१७च्या सप्टेंबरात बडोद्याला आले, तर राहायला खोली मिळेना. एका पारशी उतारूगृहात पारशी नाव लावून त्यांनी काही दिवस काढले. मग लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. ओळखीच्या दोघांकडे आसरा मागून पाहिला, दोघांनीही सबबी सांगितल्या. अखेर रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी या बागेत बसून काढला. संकल्पभूमी ती याच आठवणीची. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. शिष्यवृत्ती राजाच्या सहीनं मिळते. भाड्याची खोली शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मनात असेल तरच मिळते. सयाजीरावांचं कौतुक ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांनी राजवाड्याच्या आधी इथे येऊन जावं, असं मला वाटतं ते यासाठी.

न्याहारी सेव-उसळीची. पांढरा वाटाणा, लालभडक तरी, वरून मूठभर सेव, पातीचा कांदा आणि पाव. “ही मिसळ नव्हे,” असा निवाडा आमच्या कोल्हापूरकरानं पहिल्याच घासाला दिला आणि मग दोनदा तरी मागून घेतली. खरं तर तोही बरोबर होता. उसळ आपली, सेव गुजरातची, आणि दोघींचा संसार बडोद्याचा.

तिथून रावपुरा, दांडिया बाजार. दुकानांच्या पाट्या गुजरातीत, पण कानावर मराठी पडते. हेल जरा वेगळा. तांबेकर वाडा याच भागात आहे आणि हमखास चुकतो. भाऊ तांबेकर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बडोद्याचे दिवाण होते. बाहेरून चारमजली लाकडी वाडा, पुण्याच्या पेठेत शोभावा असा. आत जिना चढून गेलं की भिंतीच्या भिंती रंगवलेल्या. कृष्णलीला आहेत, महाभारत आहे, आणि त्यांच्या शेजारीच मराठे-इंग्रज लढाई. देवादिकांच्या पंगतीला गोऱ्या मडमांना बसवताना चित्रकारानं काहीही संकोच केलेला नाही.

सूरसागर तलावाच्या कडेनं मांडवीकडे निघालात की न्यायमंदिर लागतं, लहरीपुरा दरवाजा लागतो. आमचा मुक्काम होता मध्यवर्ती ग्रंथालय. १९१० साली सयाजीरावांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला आणि गावोगावच्या वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. जिथे वाचनालय नाही तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवायची सोयही झाली. इथे विनंती करून पुस्तकांच्या दालनात जायला मिळालं, तर पायाखाली बघा. जमीन काचेची आहे. जाड, दुधी काच. वरच्या मजल्यावर आलेला उजेड तीमधून खालच्या मजल्यावर झिरपतो. मांडण्याही लोखंडाच्या, म्हणजे आगीला लाकूड नाही आणि उजेडाला दिवा नाही. पहिली चार पावलं आम्ही चोरासारखी टाकली. मग एकाच्या हाताला मराठी पुस्तकांचं कपाट लागलं आणि पायाखालची काच कोणाच्या ध्यानातही राहिली नाही. अर्धा-पाऊण तास तिथेच गेला. गावातल्या कुठल्याही इमारतीपेक्षा मला ही जमीन जास्त आवडली, आणि राजवाडा बघितल्यावरही मत बदललं नाही.

राजवाडा सुंदर आहे, यात वादच नाही. चार्ल्स मँटनं आराखडा केला, तो वारल्यावर रॉबर्ट चिझमनं काम पुरं केलं, १८९० मध्ये. कॉलेजच्या घुमटामागेही हाच चिझम. दरबार हॉलची रंगीत काचकाम केलेली तावदानं दुपारच्या उन्हात बघावीत. पण पाय दुखत असतील आणि एकच निवडायचं असेल, तर आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात जा. तिथे राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. १८८८ साली महाराजांनी त्याला पुराणकथांवरच्या चौदा चित्रांचं काम दिलं होतं. पुढे रविवर्म्यानं स्वतःचा छापखाना काढला, आधी मुंबईत, मग लोणावळ्याजवळच्या मळवलीला, आणि त्याच्या हातच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर गेल्या. छापील चित्रांवर वाढलेल्या डोळ्यांना इथे पहिल्यांदा कळतं की तैलरंगातला जरीचा काठ किती जवळून बघण्यासारखा असतो.

बेत आखताना एक लक्षात असू द्या. राजवाडा सोमवारी बंद असतो. चेवडा कधीही मिळतो.