एकटी, एकाकी आणि ‘मला करमत नाही’

इंग्रजी शिकवताना अवघड शब्द फारसा त्रास देत नाहीत. अवघड शब्द आला की मुली मुकाट्यानं शब्दकोश उघडतात, अर्थ वहीत उतरवतात आणि मोकळ्या होतात. खरा घोळ घालतात ते सोपे शब्द. ‘अलोन’ हा त्यांतलाच एक. अलोन म्हणजे काय, असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात सांगतो, ‘एकटा!’ बरं, मग ‘लोनली’ म्हणजे? ‘तेही एकटाच!’ पण एकाच गोष्टीसाठी इंग्रजांनी दोन शब्द कशाला ठेवले असतील, असं विचारलं की मात्र वर्ग गप्प होतो.

प्रश्न व्याकरणाचा वाटतो खरा, पण तो जरा खोल जातो. आपल्या घराशी त्याचा संबंध आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

आजी, आई आणि नात

आधी या शब्दांची कुळकथा ऐका. ‘ऑल’ आणि ‘वन’ हे दोन शब्द एकत्र येऊन ‘अलोन’ झाला. म्हणजे अगदी एक, निव्वळ एक. पूर्वी इंग्रजीत ‘वन’चा उच्चार आजच्यासारखा नव्हता, तो ‘ओन’च्या जवळचा होता. तोच जुना उच्चार ‘अलोन’मध्ये आणि ‘ओन्ली’मध्ये राहून गेला. पुढे लोकांनी ‘अलोन’मधला ‘अ’ गाळला आणि ‘लोन’ हा शब्द केला. या ‘लोन’ला ‘ली’ जोडून ‘लोनली’ झाला. थोडक्यात, अलोन ही आजी, लोन ही आई आणि लोनली ही नात! घराणं एक, पण स्वभाव निराळे.

‘अलोन’ नुसती माणसं मोजतो. ‘शी लिव्ह्ज अलोन’ म्हणजे ती एकटी राहते. ती सुखात आहे की दुःखात, हे हा शब्द सांगत नाही. ‘लोनली’ माणसं मोजत नाही, तो मनातलं सांगतो. कुणाची तरी सोबत हवीशी वाटते आणि ती मिळत नाही, ते दुःख म्हणजे ‘लोनली’.

मुलांचा अभ्यास घेणाऱ्या मैत्रिणींसाठी आणखी चार गोष्टी सांगून ठेवते. ‘अलोन’ नामाच्या आधी येत नाही, म्हणून ‘ॲन अलोन वुमन’ असं लिहायचं नाही. ‘लोनली’च्या शेवटी ‘ली’ असलं तरी ते क्रियाविशेषण नव्हे, विशेषण आहे. रस्त्याला किंवा जागेला ‘लोनली’ म्हटलं तर त्याचा अर्थ निर्जन, सामसूम. आणि ‘अलोन’ची जागा बदलली की अर्थही बदलतो. ‘शी अलोन कॅन डू इट’ म्हणजे हे तिलाच जमेल, दुसऱ्या कुणाला नाही. ‘शी कॅन डू इट अलोन’ म्हणजे ती हे एकटीनं, कुणाच्या मदतीशिवाय करू शकेल. ‘लेट अलोन’चा मात्र एकटेपणाशी काही संबंध नाही. ‘पुरणपोळी राहू दे, तिला साधा चहा येत नाही’ असं आपण म्हणतो ना, त्यातलं ‘राहू दे’ म्हणजे ‘लेट अलोन’.

सात माणसांच्या घरात

आठवीच्या वर्गाला एकदा ‘माझं घर’ या विषयावर इंग्रजीत दहा वाक्यं लिहायला सांगितली होती. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘आमच्या घरात सात माणसं आहेत. माझी आजी लोनली आहे.’ तिनं ते वाचून दाखवल्यावर वर्गात हशा पिकला. ‘बाई, चुकलं! सात माणसं असताना आजी लोनली कशी?’ ती मुलगी आधी गोरीमोरी झाली. मग हळूच म्हणाली, ‘बाई, सगळे घरात असतात, पण तिच्याशी कुणी बोलत नाही.’ त्या दहा वाक्यांत तेच वाक्य सर्वांत बिनचूक होतं. पूर्ण गुण दिले आणि सगळ्यांना ते वहीत उतरवून घ्यायला लावलं.

या ‘लोनली’ला मराठीत काय म्हणायचं? पुस्तकात ‘एकाकी’ असं दिलेलं असतं. शब्द चांगला आहे, पण तो कथाकादंबऱ्यांतला. ‘मी एकाकी आहे’ असं आपल्या घरात कोण बोलतं? आपण म्हणतो, ‘मला करमत नाही.’ नवी नवरी सासरी आली की तिला करमत नाही. मुलगी वसतिगृहात गेली की तिला तिथे करमत नाही आणि आईला इथे करमत नाही. यजमान गेल्यावर घर खायला उठतं. पाहुणे परतले की चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. ‘लोनली’च्या या सगळ्या छटा आपल्या बोलण्यात आहेतच. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘जेवलात का, गोळी घेतलीत का’ एवढंच विचारून थांबू नये. कधी जवळ बसून ‘करमतंय ना?’ असंही विचारावं. उत्तर ऐकायला मात्र दहा मिनिटं हाताशी ठेवावीत.

हे दुःख काही आपल्याकडेच आहे असं नाही. ब्रिटनच्या सरकारनं २०१८ साली एकाकीपणाच्या प्रश्नाची जबाबदारी एका मंत्र्याकडे सोपवली, तर २०२१ साली जपाननं तसंच केलं.

हवासा एकांत

आता नाण्याची दुसरी बाजू. एकटेपणाचा तिसरा शब्द म्हणजे ‘सॉलिट्यूड’, आपला ‘एकांत’. हा नकोसा नसतो, हवासा असतो. देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकाराम महाराज जात ते एकांतासाठीच.

बाईला असा डोंगर कुठला? जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळू लागतो. पहाटेचं जातं हाच तिचा एकांत, आणि तोही कामाचा! जात्यावरच्या ओव्या रचणाऱ्या कितीतरी अनाम बायकांचीही तीच गोष्ट.

इंग्रजी कवी वर्ड्‌स्वर्थ याची डॅफोडिल्सच्या फुलांवरची कविता आपल्यापैकी अनेकींनी शाळेत पाठ केली असेल. ती १८०७ साली छापली गेली. त्या कवितेत कवी अगदी एकटा भटकत असतो. प्रत्यक्षात १५ एप्रिल १८०२ रोजी तळ्याकाठी ती फुलं पाहिली तेव्हा त्याची बहीण डोरोथी सोबत होती आणि तिनं आपल्या रोजनिशीत त्या फुलांचं सुरेख वर्णन लिहून ठेवलं आहे. कवितेत मात्र ती कुठेच नाही! आणि एकांताच्या सुखाबद्दल त्या कवितेत ज्या दोन ओळी आहेत, त्या आपल्या पत्नीच्या, मेरीच्या, असं वर्ड्‌स्वर्थनंच सांगितलं आहे. एकांताची गोडी बायकांनाही पुरेपूर कळते, त्यांना तो मिळत नाही एवढंच. व्हर्जिनिया वुल्फ या लेखिकेनं १९२९ साली ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ या पुस्तकात तेच मांडलं. बाईला लिहायचं असेल तर हाती थोडे पैसे हवेत आणि स्वतःची एक खोली हवी, असं तिचं म्हणणं.

‘एकटीच?’

आपल्याकडे मोकळ्या पुरुषाला कौतुकानं ‘एकटा जीव सदाशिव’ म्हणतात. १९७२ साली दादा कोंडक्यांचा त्या नावाचा चित्रपटही आला. बाईसाठी असा कौतुकाचा शब्द शोधून पाहा, सापडायचा नाही. ती एकटी दिसली की प्रश्न येतो, ‘एकटीच?’ त्या एका ‘च’मध्ये काळजी असते, कीव असते, कधी संशयही असतो. सिनेमाला एकटी गेली, गावाला एकटी निघाली, भाड्याच्या घरात एकटी राहते, म्हणजे नक्की काहीतरी बिनसलंय! तिचं ‘अलोन’ असणं आपण परस्पर ‘लोनली’ करून टाकतो. उलट भरल्या घरात जिचं कुणी ऐकत नाही, तिच्याकडे बघून म्हणतो, ‘हिला काय कमी आहे? घर कसं भरलेलं आहे!’

तेव्हा मैत्रिणींनो, एवढं जरूर करून बघा. एकटी राहणारी शेजारीण भेटली तर लगेच कीव करू नका. तिला करमतंय की नाही, ते तिलाच विचारा. घरात सून किंवा मुलगी दार लोटून अर्धा तास बसली तर ‘रुसलीस का?’ म्हणून दार ठोठावू नका. आणि स्वतःसाठीही दिवसातली वीस मिनिटं राखून ठेवा. दुपारची झाकपाक झाल्यावर किंवा पहाटे दूधवाला येण्याआधी, जशी ज्या घराची सोय. त्या वेळात निवडायचे तांदूळ पुढ्यात घ्यायचे नाहीत, एवढी एकच अट. कुणी विचारलंच, ‘एकटीच काय करतेस गं?’ तर हसून सांगावं, ‘काही नाही, बसले आहे.’