संगणकाला नावाने हाक

मुलांनो, वर्सोव्याच्या बंदरावर होड्या परत येताना पाहिल्यात ना? किनाऱ्यावरचा माणूस नुसतं बोट दाखवत नाही, नाव घेऊन हाक मारतो. संगणकालाही अशी हाक मारता येते.

एरवी आपण माऊसने चित्रावर टिचकी मारतो. हा माऊस डग्लस एंगेलबार्ट यांनी १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत लोकांना दाखवला. तो सगळीकडे पोचायला पुढे बरीच वर्षे गेली. तोवर हुकूम टंकूनच द्यावा लागे. ती सोय आजही आहे.

हुकूम लिहायच्या खिडकीला लिनक्समध्ये टर्मिनल आणि विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट म्हणतात. तिथे आधी लिहिण्याच्या प्रोग्रॅमचे नाव इंग्रजी अक्षरांत टंकायचे. विंडोजमध्ये नोटपॅड, लिनक्समध्ये असेल तर जीएडिट. मग एक जागा सोडून फाइलचे पूर्ण नाव लिहायचे आणि एंटर दाबायचे. झालं! फाइल समोर हजर.

लिनक्समध्ये आणखी एक युक्ती आहे. ओळीच्या शेवटी 'अँड'चे चिन्ह द्यावे. ते सातच्या आकड्याच्या बटणावर असते. ते दिले नाही, तर जीएडिट बंद होईपर्यंत टर्मिनल बहुधा अडकून बसते. होडी समुद्रात गेली म्हणून घरचे लोक दिवसभर धक्क्यावर उभे राहतात का? नाही. ते दुसऱ्या कामाला लागतात. हे चिन्ह टर्मिनलला तसेच मोकळे करते.

आता खरी गंमत ऐका. फाइलला मराठी नावही देता येते. एका मुलीने आपला लेख 'बोंबील' या नावाने ठेवला. दुसऱ्या दिवशी टर्मिनलमध्ये 'बोंबिल' असे टंकले. समोर कोरे पान! सगळं लिखाण गेलं म्हणून ती रडकुंडीला आली. पण लेख जागेवरच होता. त्या नावाची फाइल सापडली नाही, म्हणून जीएडिटने नवे पान पुढे केले होते. नोटपॅड निदान विचारते तरी, नवी फाइल करू का?

नाव बरोबर असूनही फोल्डर दुसराच असेल, तरी असेच होते. अशा वेळी घाबरू नका. लिनक्समध्ये एल, एस आणि विंडोजमध्ये डी, आय, आर ही अक्षरे टंकून एंटर दाबा. त्या फोल्डरमधल्या फाइलींची नावे दिसतील. आपले नाव शोधा.

नाव आणि जागा बरोबर असली, की हाक पोचते. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा हं!